पहिलं वेत, अवकाळी पाऊस आणि न चाटलेलं कोकरू

दुपारी एकला फोन आला. "मॅडम, मेंढी येडी झालीया. पोटचं कोकरू हाय, पन जवळ गेलं की ढुशी मारतीया." मागून कुणीतरी ओरडत होतं, पान्ह्याचं इंजेक्शन घेऊन या म्हणावं.

फलटणकडच्या धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, दिवाळीनंतर कोकणात उतरायच्या वाटेवर भोर तालुक्यात थांबला होता. भात काढून रिकामं झालेलं रान, शेतकऱ्याने खतासाठी मेंढरं बसवून घेतलेली. आदल्या रात्री अवकाळीने झोडपलं होतं. मी पोचले तेव्हा मेंढरांभोवतीच्या जाळीवर, वाघरीवर, घोंगडी वाळत होती आणि ओल्या फाट्यांचा धूर रानभर झाला होता. मेंढी खुंट्याला बांधलेली. दख्खनी, काळी, दोन वर्षांची, पहिलंच वेत. कास तटतटलेली, वार पडलेली, ताप नाही, कासदाह नाही. कोकरू मादी, अडीच किलोच्या आसपास, डालग्याखाली.

डालगं उचलून कोकरू सोडून पाहिलं. ते सरळ कासेकडे गेलं. मेंढीने मान वळवली, त्याच्या शेपटीखाली एकदा हुंगलं आणि डोक्याने असं हाणलं की ते कोलांटी खाऊन चिखलात पडलं. उठलं, पुन्हा गेलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मीच उचलून घेतलं. नाकाशी धरलं तर मला धुराचा आणि टॉवेलचा वास आला. नवजात कोकराला येतो तो ओशट, खारट वास अजिबात नव्हता.

माझ्याआधी हे वाड्यातल्या आजींच्या लक्षात आलं होतं. त्या रात्री दुसऱ्या टोकाला धान्याची पोती झाकत बसल्या होत्या, त्यामुळे कोकराचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. सकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "पुसलं कुनी ह्याला?"

पुसलं होतं नातवाने. बारामतीला कॉलेजात शिकतो, सुट्टीला वाड्यावर आला होता. पहाटे तीनच्या सुमारास बॅटरीच्या उजेडात त्याला चिखलात धडपडणारं कोकरू दिसलं. पाऊस चालू होता. थंडीने मरेल म्हणून त्याने ते उचललं, चुलीवरच्या कोमट पाण्याने स्वच्छ धुतलं, टॉवेलने खसाखसा पुसलं, घोंगड्यात गुंडाळून विस्तवाजवळ ठेवलं, बाटलीने शेळीचं दूधही पाजलं. सगळं जीव लावून केलं. सकाळी आठला पाऊस थांबल्यावर कोकरू आईकडे नेलं, तर आईने त्याला उडवून लावलं. मधे पाच तास गेले होते आणि त्या पाच तासांत दोघांची गाठ एकदाही पडली नव्हती.

मग मेंढी त्या वेळात काय करत होती? हे मी मुद्दाम विचारलं. आजी म्हणाल्या, "जिमिनीला चाटत व्हती." उजाडताना त्यांनी तिला पाहिलं होतं. पाण्याची पिशवी जिथे फुटली तिथला चिखल ती चाटत होती, खुराने उकरत होती आणि तोंड न उघडता खालच्या आवाजात घुरघुरत होती. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मेंढी एरवी असा आवाज काढत नाही, नव्या कोकराशी बोलतानाच काढते.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. शेजारच्या वाड्यातला एकजण म्हणत होता, "हिला मायाच न्हाई, बाजार दाखवा." माया नसती तर ती चिखलाशी बोलली नसती. माया वेळेवर आली होती, तिच्यासमोर कोकरू नव्हतं.

आत काय चाललेलं असतं

मेंढीच्या गाभणपणाचे पाच महिने प्रोजेस्टेरॉन वरचढ असतं. विण्याच्या तोंडावर ते घसरतं आणि इस्ट्रोजेन चढतं. या चढ-उताराने मेंदूच्या ठरावीक भागांत ऑक्सिटोसिन पकडणारे ग्राही वाढतात, म्हणजे निरोप यायच्या आधी तो घ्यायची तयारी होते. मग कोकरू गर्भाशयाच्या तोंडातून आणि योनिमार्गातून सरकतं. तिथे पडणाऱ्या ताणाची खबर मज्जारज्जूतून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला जाते आणि ऑक्सिटोसिन दोन वाटांनी सुटतं. एक वाट रक्ताची: गर्भाशय आवळतं, कासेत पान्हा उतरतो. दुसरी वाट मेंदूच्या आतली, आणि कोकराला चाटायची ओढ तिथून येते.

केंब्रिजच्या बॅरी केव्हर्न यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली दाखवलं की न व्यालेल्या मेंढीला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देऊन नुसता योनिमार्गाला पाच मिनिटं ताण दिला, तरी ती समोरच्या परक्या कोकराला चाटायला लागते. जणू आत्ताच व्याली आहे असं मेंदूला वाटतं. १९८७ साली कीथ केंड्रिक आणि केव्हर्न यांनी ताण न देता ऑक्सिटोसिन थेट मेंदूतल्या द्रवात सोडलं, तेव्हाही तेच घडलं. उलट, फ्रान्समधल्या नूझिलीच्या संशोधकांनी विणाऱ्या मेंढ्यांच्या पाठीच्या कण्यात भूल देऊन ही खबर वर जाऊच दिली नाही, तर पहिलारू मेंढ्यांनी डोळ्यांसमोरचं स्वतःचं कोकरू घेतलं नाही. त्यांच्याच मेंदूत ऑक्सिटोसिन सोडल्यावर गाडी रुळावर आली. सिझेरियन केलेली एखादी शेळी शुद्धीवर आल्यावर पिल्लाकडे परक्यासारखी बघत का बसते, हे मला या प्रयोगांमुळे उमगलं. कॉलेजात असताना आम्ही ते नुसतं 'भुलीचा अंमल' म्हणून सोडून दिलं होतं.

आता पान्ह्याच्या इंजेक्शनविषयी. गावात सगळ्यांना वाटतं की ते औषध मायेचं आहे, कारण त्याने म्हैस पान्हा चोरायची थांबते. ते ऑक्सिटोसिनच असतं, खरं आहे. पण मानेत टोचलेलं ऑक्सिटोसिन रक्तात राहतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळण त्याला सहजी आत जाऊ देत नाही. दूध उतरेल, ओढ येणार नाही. शिवाय या मेंढीला दुधाची अडचण नव्हतीच. गोठ्यांतला गैरवापर थांबवायला केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी घालायची अधिसूचना काढली होती. बाळंतिणीचा रक्तस्राव रोखायला हेच औषध जीव वाचवतं, ते मिळेनासं झालं तर काय, या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. एवढ्या मोठ्या भांडणाचं औषध, पण माझ्या समोरच्या मेंढीसाठी निरुपयोगी. तेवढं बोलून मी इंजेक्शनची मागणी बाजूला सारली. शेजारच्या वाड्यातल्या गृहस्थाला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

वासाची पाटी

चाटायची ओढ येणं ही पहिली पायरी. शेकडो मेंढरांच्या खांडात आपलं कोकरू कोणतं हे ठरणं ही दुसरी, आणि ती नाकाने ठरते.

गर्भजलाचं उदाहरण घ्या. गाभण मेंढीसमोर गर्भजल धरलं तर ती तोंड फिरवते. विताना तेच तिला इतकं आवडतं की ती दगड-मातीसुद्धा चाटते. काही तासांत पुन्हा नावड. पदार्थ तोच असतो, मेंदूतलं रसायन पालटलेलं असतं. कोकराच्या अंगावरचा हा ओलावा म्हणजे आईला घातलेलं आवतण. तो धुऊन टाकला की अनुभवी मेंढी तरी निभावून नेते. पहिलारू मात्र बिचकते, कारण तिच्यासाठी तो ओलावाच कोकराची ओळख असतो.

चाटता चाटता मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या कंदात काय होतं, ते केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न यांनी १९९२ साली पेशींची नोंद घेऊन दाखवलं. विण्याआधी तिथल्या, वासाचा निरोप पुढे नेणाऱ्या मायट्रल पेशींना खाद्याच्या वासात रस असतो, कोकराच्या वासाशी फारसं देणंघेणं नसतं. व्याल्यावर त्यातल्या बहुसंख्य पेशी कोकराच्या वासाला जाग्या होतात, आणि काही फक्त स्वतःच्या कोकराच्या. ऑक्सिटोसिन आणि मेंदूच्या देठातून येणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन वासाच्या आठवणीची ही पाटी लिहायला मऊ करतात, नायट्रिक ऑक्साइड लिहिलेलं पक्कं करतं. १९९७ च्या प्रयोगात नायट्रिक ऑक्साइड तयार होणं रोखलं, तेव्हा मेंढ्या कोकरांना पाजत राहिल्या पण आपलं-परकं करू शकल्या नाहीत. म्हणजे माया आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेंढीत त्या एकाच वेळी घडतात इतकंच.

पाटी साधारण तास-दोन तासांत लिहून होते. त्यानंतर त्या वासाचं कोकरू सोडून बाकी सगळी परकी, आणि परक्याला ढुशी. सुरुवातीलाच कोकरू उचललं आणि चार-पाच तासांनी दिलं तर मऊपणा ओसरलेला असतो, पाटी कोरी असते आणि सगळीच कोकरं परकी असतात. आपल्या मेंढीचं हे झालं होतं. तेच कोकरू तिला आधी तासभर चाटू दिलं असतं आणि मग दिवसभर घोड्यावरच्या पोत्यात ठेवलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. धनगर पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. खांड चरायला जातं, कोकरं बिऱ्हाडाबरोबर राहतात, आणि संध्याकाळी त्या कोलाहलात प्रत्येक आईला आपलं सापडतं.

मेंढीच्या निसर्गाने एवढी घाई का लावलीय? उंदराशी तुलना केली तर कळतं. १९६७ साली जे रोझेनब्लॅट यांनी कधीही न व्यालेल्या उंदीरमाद्यांच्या पिंजऱ्यात रोज नवजात पिल्लं ठेवली. पहिले काही दिवस त्या पिल्लांना टाळायच्या, पण सहा-सात दिवसांत त्यांना गोळा करून अंगाखाली घ्यायला लागल्या. पुढे नुकत्याच व्यालेल्या मादीचं रक्त कुमारिकेच्या अंगात सोडल्यावर हाच बदल दिवसाच्या आत घडला. उंदरालाही रसायन घाई करायला लावतं, पण त्याच्याशिवायही सवयीने काम भागतं. उंदराची पिल्लं आंधळी, उघडी, बिळात पडून. बिळात जे आहे ते आपलं. ओळख पटवायची गरज नाही आणि आठवडाभर शिकायला सवड आहे. कोकरू तासाभरात पायांवर उभं राहतं आणि कुणाच्याही मागे चालू लागतं. मेंढीने आठवडाभर विचार केला तर खांडातली अर्धी पोरं तिचं दूध संपवतील.

हे मी नातवाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी मधेच दार लावलं." तसंच काहीसं.

आम्ही काय केलं आणि किती साधलं

पहिलं काम कोकराच्या पोटाचं. मेंढीला धरून चीक पिळला आणि बाटलीने पाजला. चिकातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात शिरायची सोय पहिल्या दिवसातच बंद होत जाते, आणि अकरा तास आधीच गेले होते. रुसवे-फुगवे नंतर.

दुसरं, वास परत मिळवणं. वार शोधली, पण ती कुत्र्यांनी नेली होती. आजींनी मेंढीच्या मागच्या पायांवरचा वाळलेला चिकटा ओल्या फडक्याने काढून कोकराच्या पाठीला चोळला. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मेंढीने या वेळी ढुशी मारायला चार सेकंद जास्त घेतले.

तिसरं, मी हातमोजा घालून, जेल लावून मेंढीच्या योनिमार्गाला आणि गर्भाशयमुखाला दोनेक मिनिटं हलका ताण दिला. केव्हर्न यांच्या प्रयोगातली युक्ती, परदेशात काही मेंढपाळ ती पोरकी कोकरं लावायला वापरतात. नातवाने कोकरू तिच्या नाकासमोर धरलं होतं. मिनिटभराच्या आत तिने मान खाली घातली. हुंगलं. कानामागे एकदा जीभ फिरवली, मग पाठीवर दोनदा. आणि तो घुरघुरता आवाज आला. वाड्यातल्या बायका एकदम बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, जिंकलं.

कोकरू कासेकडे सरकलं आणि तिने लाथ मारली.

अर्ध्या तासाने पुन्हा ताण देऊन पाहिला. पुन्हा चाटलं, पुन्हा लाथ. पहिलारू मेंढीत ही युक्ती अनुभवी मेंढीइतकी चालत नाही, आणि एव्हाना बारा तास होत आले होते. तिच्या कासेला आजवर कुणाचं तोंड लागलं नव्हतं, त्यामुळे लुचणं हीच तिला नवी, दुखरी गोष्ट होती.

मग राहिला जुना मार्ग. मेंढीला दोन काठ्यांच्या मधे अडकवून दिवसातून पाच-सहा वेळा कोकराला पाजायचं. चौथ्या दिवशी ती अडकवलेली असताना शांत उभी राहू लागली, पण सोडली की कोकराकडे ढुंकून बघायची नाही. सहन करणं जमलं, शोधत येणं जमलं नाही. असे मार्ग सगळीकडे आहेत. आपल्याकडे रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीसमोर ठेवतात. मंगोलियात उंटिणीने पिल्लू नाकारलं तर तिच्यासमोर तंतुवाद्य वाजवून, एक आळवणी पुन्हापुन्हा गाऊन तिला वळवतात. ती रीत २०१५ साली युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेली. आमच्याकडे गाणारं कुणी नव्हतं. वाडा पाचव्या दिवशी हलणार होता आणि काठ्यांचा पिंजरा घोड्यावरून नेता येत नाही.

त्यामुळे कोकरू एका करडू मेलेल्या शेळीला लावलं. धनगर खांडात चार-दोन शेळ्या ठेवतात, ते घरच्या दुधासाठी आणि अशा वेळेसाठीही. शेळीने पहिल्या दिवशी कुरबुर केली, मग उभी राहायला लागली. प्रकरण माझ्यापुरतं तिथे संपलं. वहीत मी 'अंशतः यशस्वी' लिहिलं, ते आज वाचताना जरा उदार वाटतं.

पुढच्या दिवाळीनंतर

वाडा वर्षाने त्याच रानात आला. मेंढी विकली नव्हती. आजींनी विकू दिली नव्हती, "पैलं वेत हाय, पोरगीच हाय ती" म्हणून.

ती पुन्हा व्याली होती, दोन आठवड्यांपूर्वी, वाटेत. या वेळी रात्र कोरडी होती आणि आजींनी सगळ्यांना लांब ठेवलं होतं, नातवाला तर नाव घेऊन. कोकरू खाली पडताच मेंढी वळली आणि चाटत सुटली. तासाभराने वाडा हलायची वेळ आली, कोकरू पोत्यात घालून घोड्यावर चढवलं. संध्याकाळी कोकरं सोडली तेव्हा मेंढी सरळ आपल्या कोकराकडे गेली.

अनुभवी मेंढीच्या मेंदूत विताना ऑक्सिटोसिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन पहिलारूपेक्षा जोरात सुटतात, हे केव्हर्न-लेव्ही-केंड्रिक यांच्या १९९० च्या दशकातल्या कामात आहे. पहिलं वेत त्या अर्थाने मेंदूची रंगीत तालीम असते, खेळ फसला तरी. या मेंढीत श्रेय तालमीचं किती आणि कोरड्या रात्रीचं किती, हे एका जनावरावरून वेगळं काढता येणार नाही. माझा कल निम्मा-निम्मा.

पुढे मात्र रसायनांचा जोर ओसरतो आणि माया सहवासावर चालते. त्यालाही मुदत असते. अमेरिकेत २००१ साली उंदीरमातांना पिल्लांची खोली आणि कोकेनची खोली यांतून निवड करायला दिली होती. व्याल्यानंतर आठव्या दिवशी त्या पिल्लांच्या खोलीकडे ओढल्या जात होत्या, सोळाव्या दिवशी कोकेनच्या. मेंदूत सुखाचं डोपामिन सोडवायची पिल्लांची ताकद तोवर कमी झालेली असते, आणि पिल्लंही एव्हाना स्वतः खायला शिकत असतात. मेंढीचं कोकरूही तीन-चार महिन्यांत सुटतं.

एक बदल मी माझ्या कामात केला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला, त्यामुळे आता काही खांडांत जुळी जास्त दिसतात. जुळ्यांत दुसरं कोकरू पडताना पहिलं बाजूला भरकटतं आणि कुणीतरी ते 'वाचवायला' उचलतं. मी आता सांगते, उचला, पण आईच्या नाकासमोरच ठेवा, आणि पुसायचं असेल तर फक्त नाक-तोंड.

निघताना आजींनी मला वाघरीजवळ थांबवलं. खांड चरून परत येत होतं, कोकरं मोकळी केली होती, कान किटतील असा बें-बेंचा गदारोळ. काळी मेंढी धावत आली, एका कोकराच्या शेपटीखाली हुंगली आणि पाय फाकवून उभी राहिली. कोकराची शेपटी चरख्यासारखी फिरत होती.

"आन्‌ ती बघा," आजी म्हणाल्या. मागून शेळ्या येत होत्या, आणि त्यांच्यात एक वर्षाची काळी मेंढी. शेळीने पाजलेली. मेंढरांत घातली तरी ती शेळ्यांकडेच जाते, असं आजी म्हणाल्या. केंड्रिक यांनी १९९८ साली मेंढी-शेळ्यांची पिल्लं अदलाबदल करून हेच पाहिलं होतं; पाजणाऱ्या आईची जात त्यांना आपली वाटायला लागली. माद्या म्हणे वर्ष-दोन वर्षांत मूळ जातीकडे वळतात, नर वळत नाहीत. मी आजींना तसं सांगितलं.

"वळंल तवा वळंल," त्या म्हणाल्या, आणि शेळ्यांना हाक घातली. काळी तरणी मेंढी आईला घासून पुढे गेली. आईचं लक्ष लुचणाऱ्या कोकराकडे होतं.